कुंभाराचा उकिरडा वाचायला शिका

'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच' ही म्हण पुरातत्त्व शिकू पाहणाऱ्यानं शब्दशः घ्यावी. हजार-बाराशे वर्षांपूर्वी मडकी कुठे भाजली जात होती हे शोधायचं असेल, तर आधी कुंभाराचा उकिरडा गाठावा लागतो. चांगली उतरलेली मडकी बाजारात गेली, वापरात फुटली आणि कुठल्यातरी लांबच्या गावात कुणाच्या परसात गाडली गेली. कुंभाराच्या दारात उरलं ते वाकडं झालेलं, तडकलेलं, एकमेकांना चिकटलेलं. भट्टीत बिघडलेल्या अशा मालाला इथे इंग्लंडात लोक 'वेस्टर' म्हणतात. मी पण तोच शब्द वापरणार आहे, कारण उत्खननाच्या जागी दिवसभर तोच कानावर पडतो.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. गेली काही वर्षं नॉर्विचजवळ राहते आणि उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार खड्ड्यात बसून काढते. इंग्लंडात नव्यानं आलेल्या, सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर जायची सवय असलेल्या आणि इथे किल्ल्याला चढच नाही म्हणून हिरमुसलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. इथे गावोगावी हौशी पुरातत्त्व मंडळं असतात आणि त्यांना माणसं कमीच पडतात. पण पुण्या-नाशकात राहूनही यातलं निम्मं करून बघता येईल. दुसरी पायरी तर तिकडे जास्त चांगली जमेल.

आधी काळ डोक्यात बसवा

आपण बोलतोय ते पूर्व इंग्लंडबद्दल, म्हणजे नॉरफोक, सफोक, लिंकनशर या भागाबद्दल, आणि पाचव्या ते अकराव्या शतकाबद्दल.

इ. स. ४१० च्या सुमाराला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली. तोवर इथे मोठमोठ्या भट्ट्या होत्या, चाकावर घडवलेली भांडी हजारोंनी बाजारात जात होती. पुढच्या एक-दोन पिढ्यांत ते सगळं बंद पडलं. चाक गेलं, भट्टी गेली. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं लोक हातानं वळ्या रचून मडकी करत होते आणि उघड्या जाळावर भाजत होते. चाकाचा शोध एकदा लागला की तो कायमचा, असं आपण शाळेपासून धरून चालतो. इथे तसं घडलं नाही.

मग ७२० च्या आसपास इप्सविच या बंदराच्या गावात भट्ट्या पेटू लागल्या. तिथली भांडी जाड, करडी आणि टणक. ती संथ फिरणाऱ्या पाटीवर घडवलेली असत. पुढे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात थेटफर्ड, स्टॅमफर्ड, टॉर्कसी या गावांत वेगानं फिरणारं चाक आलं. उघडा जाळ, मग संथ पाटी आणि भट्टी, मग वेगाचं चाक आणि भट्टी. एवढा क्रम लक्षात ठेवला तरी पहिल्या दिवशी पुरे.

पायरी १: खापर हातात घ्या, पण आधी त्याची कड बघा

नवखा माणूस खापराची नक्षी बघतो. जाणता माणूस ते उभं धरून तुटलेली कड बघतो. तुटलेल्या कडेत माती कोणती, तिच्यात काय मिसळलं आणि ती कशी भाजली, हे सगळं दिसतं. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उन्हात बसा.

पहिलं, भर काय आहे ते बघा. नुसत्या चिकणमातीचं मडकं वाळताना आणि भाजताना तडकतं, म्हणून कुंभार तिच्यात काहीतरी मिसळतो. आपल्याकडे लीद, राख, वाळू घालतात. इथल्या सहाव्या-सातव्या शतकाच्या बऱ्याच खापरांत गवताचे किंवा तुसाचे बारीक लांबट पोकळ ठसे दिसतात. गवत जळून गेलं, जागा राहिली. पहिल्यांदा असं खापर बघितलं तेव्हा मला आमच्या गावचा कुंभारवाडा आठवला. लीद मळलेल्या मातीचं फुटकं मडकं आतून असंच दिसतं. इप्सविचच्या खापरात वाळू असते, काहींत गारगोटीचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सेंट निओट्स या गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खापरात जीवाश्म शिंपल्यांचा चुरा असतो. आम्लधर्मी जमिनीत तो विरघळून जातो आणि खापर बुचासारखं सच्छिद्र होतं.

दुसरं, रंगाचे थर. कडेला तांबूस आणि मधोमध काळा पट्टा असेल, तर भाजणं थोडक्यात आटोपलं. मातीतला सेंद्रिय अंश आतपर्यंत जळालाच नाही. आरपार एकसारखा करडा रंग असेल, तर हवा तोडून भाजलेलं. बाहेर करडं आणि आत तांबडं असेल, तर आधी हवा होती, शेवटी कुणीतरी तोंड बंद केलं. मातीतल्या लोहाला प्राणवायू मिळाला की तांबडा रंग येतो, नाही मिळाला की करडा ते काळा. मातीचा मूळ रंग काहीही असो, निम्मं काम धुराचं असतं.

तिसरं, आवाज. माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघतो की नाही? खापर दोन बोटांत लोंबतं धरून तसंच करा. भट्टीत टणक भाजलेलं खापर खणकतं. उघड्या जाळातलं खापर बसक्या आवाजात 'ठप' करतं. याला शास्त्र म्हणू नका, पण टोपलीभर खापरं निवडताना फार उपयोगी पडतं.

चौथं, घडण. आतल्या अंगावरून अंगठा फिरवा. उंचवटे-खळगे वेडेवाकडे लागले तर हातघडण. आडव्या, समांतर, एकसारख्या रेघा लागल्या तर चाक. थेटफर्डच्या भांड्याचं बूड उलटं करून बघितलं तर शिंपल्यावर असतात तशा एकात एक वक्र रेघा दिसतात. भांडं फिरतं असतानाच खालून तार किंवा दोरा ओढून कापल्याची ती खूण. कुंभाराला दोऱ्यानं मडकं चाकावरून उतरवताना ज्यानं बघितलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पायरी २: एक मडकं स्वतः भाजून बघा

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका. भाजताना काय बिघडतं ते एकदा स्वतःच्या हातानं अनुभवलं की खड्ड्यातला वेस्टर ओळखायला पुस्तक लागत नाही.

दोन किलो चिकणमाती घ्या. तिच्यात साधारण पाचवा हिस्सा कोरडी बारीक वाळू किंवा चाळलेली लीद मिसळा आणि पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. मळताना हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. बुडासाठी मूठभर गोळा अंगठ्यानं दाबून वाटीसारखा करा. त्यावर करंगळीएवढ्या जाड वळ्या एकावर एक बसवा आणि प्रत्येक वळी आतून-बाहेरून खालच्या वळीत मिसळा. भिंत सात-आठ मिलिमीटर ठेवा. मडकं अर्धवट सुकून चिवट झालं की गुळगुळीत गोट्यानं घासा. चकाकी येते आणि बारीक भेगा मिटतात. काडीचं टोक कोरून शिक्का केला तर तोही याच वेळी मारायचा. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतर इथे स्थायिक झालेल्या जर्मनिक लोकांतले, कुंभार हरणाच्या शिंगाचं टोक कोरून असे शिक्के करत. एकाच शिक्क्याचे ठसे वेगवेगळ्या गावांच्या दफनभूमींत सापडतात, आणि त्यावरून एका कुंभाराचा किंवा एका घराण्याचा माल कुठवर जात होता हे कळतं. सफोकमधलं लॅकफर्ड आणि नॉरफोकमधलं इलिंग्टन यांची अशीच जोडी लागली. त्या हाताला आता 'इलिंग्टन-लॅकफर्डचा कुंभार' म्हणतात; खरं नाव कुणालाच माहीत नाही.

मग मडकं सावलीत दोन आठवडे वाळवा. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत अजून ओल आहे.

भाजायच्या दिवशी मोकळी जागा निवडा, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि सोसायटीच्या गच्चीवर हा उद्योग अजिबात करू नका. आधी छोटा जाळ करून मडकी त्याच्याभोवती हातभर अंतरावर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी फिरवा. हे दोन तास चालू द्या. मडकं हातात धरवत नाही इतकं तापलं की निखारे पसरा, त्यावर जुन्या खापरांचा थर द्या, मडकी उपडी मांडा. भोवतीनं आणि वरून गोवऱ्या रचा. आमच्याकडे गोवऱ्या मिळत नाहीत, मी वाळक्या काटक्या आणि घोड्याच्या तबेल्यातली वाळलेली लीद वापरते. वरून पुन्हा मोठी खापरं झाका. तास-दीड तास जळू द्या, काठीनं ढोसू नका, आणि थेट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. गरम असताना उघडलंत तर गार वाऱ्यानं तडकतं.

पहिल्या वेळी मी ते दोन तास वीस मिनिटांवर आणले. आभाळ भरून आलं होतं, घाई झाली. गोवऱ्यांऐवजी ओलसर काटक्या होत्या. जाळ धरल्यावर पाच-सात मिनिटांत आतून 'फट्' आवाज आला, मग आणखी एक. सकाळी बघितलं तर नऊपैकी चार मडक्यांच्या अंगावरून बशीच्या आकाराचे टवके उडालेले. टवका मधे जाड, कडेला पातळ, आणि मडक्यावर त्याच मापाचा उथळ खड्डा. मातीतल्या ओलीची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही, म्हणून ती मडकं फोडून बाहेर पडली. वापरताना फुटलेल्या मडक्याचा असा टवका उडत नाही. त्याच उन्हाळ्यात खड्ड्यातून तसलाच टवका निघाला, आणि त्या दिवशी त्या खड्ड्यातल्या लोकांत मी एकटीच होते जिला तो काय आहे हे न विचारता कळलं. घरातल्या नासधुशीचं एवढं तरी फळ मिळालं.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. जाळ विझल्यावर खालची माती उकरून बघा. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर तांबडी झालेली असते, त्याखाली जशीच्या तशी काळी. माझी जागा एका हिवाळ्यानंतर मलाच सापडली नाही. पाचव्या ते सातव्या शतकातली हजारो मडकी आपल्याकडे आहेत, नॉरफोकमधल्या स्पाँग हिलच्या एकाच दफनभूमीत २,००० हून अधिक अस्थिकुंभ मिळाले, पण ती भाजल्याच्या जागा जवळजवळ मिळत नाहीत. कारण हेच. नांगराच्या एका फेरीत तेवढा थर उलटून जातो.

पायरी ३: भट्टीचे अवयव ओळखा

चुलीला वैल असतो तो आठवा. जाळ चुलीत, पण उष्णता आतल्या वाटेनं वैलाकडे जाते आणि तिथे ठेवलेलं दूध ज्वाळा न लागता तापतं. त्या काळच्या भट्टीचं तत्त्व हेच आहे, फक्त इथे उष्णता खालून वर ओढली जाते.

जमिनीत एक खड्डा, कुंभार त्यात उतरून जळण घालतो. तिथून अरुंद बोगद्यासारखं तोंड आत जातं. पुढे गोल किंवा लंबगोल पोकळी, तिच्या तळाशी जाळ. मधोमध मातीचा खांब किंवा कडेनं आधार, त्यावर भोकांची किंवा मातीच्या दांड्यांची जमीन, आणि त्या जमिनीवर मडकी रचलेली. वरचं झाकण दर वेळी नवं: खापरं, माती, गवताची ढेपं. ते कधीच जागेवर सापडत नाही. शतकानुशतकं नांगर चालल्यानंतर तुम्हाला मिळतं ते खालचं अर्धं, कधी पाव. वरून बघताना ते किल्लीच्या भोकासारखं दिसतं, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला लांबट.

उघड्या जाळापेक्षा फायदा काय? उघड्या जाळात तापमान झपाट्यानं ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि तितक्याच झपाट्यानं उतरतं. भट्टीत ते हळू चढवता येतं, ९०० च्या पुढे नेता येतं आणि टिकवता येतं. शिवाय शेवटी तोंड आणि झाकण लिंपून हवा तोडली की सगळा माल एकसारखा करडा उतरतो. आपल्याकडचे कुंभार काळी भांडी करताना आवा झाकून धूर कोंडतात, तीच युक्ती.

पण तापमान वाढलं की नवी डोकेदुखी येते. मातीत शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचा खडा असेल तर साधारण ७०० अंशांच्या वर त्याचा चुना होऊ लागतो. मडकं भट्टीतून छान निघतं, आणि आठवडाभरानं हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो व मडक्याचे पापुद्रे काढतो. आपल्या काळ्या मातीच्या मुलखातले कुंभार चुनखडीचा खडा दिसला की वेचून फेकतात ते यासाठीच. सेंट निओट्सकडचे कुंभार शिंपल्याच्याच मातीवर काम करत, म्हणून त्यांनी भाजणं बेतानंच ठेवलं.

पायरी ४: जमिनीखालची भट्टी शोधणं

नांगरलेल्या शेतात मालकाची परवानगी घेऊन रांगेनं चालणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. एकाच मातीची, एकाच रंगाची खापरं दाटीनं दिसली, त्यात भाजलेल्या मातीचे तांबडे गोळे आणि एखादं पिळवटलेलं काठाचं खापर मिळालं, की कान टवकारा. गावच्या कचऱ्यात हाडं, शिंपले, दहा तऱ्हांची खापरं असतात. कुंभाराच्या उकिरड्यात एकाच तऱ्हेचा माल आणि ढिगानं राख.

त्यानंतर चुंबकीय पाहणी. मातीतले लोहकण लालभडक तापून थंड होतात तेव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. त्यामुळे भट्टी जमिनीखाली असूनही एखाद्या अशक्त चुंबकासारखी वागते. मार्च १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकिन यांनी वॉटर न्यूटन गावाजवळ, रस्ता रुंद व्हायच्या आधी, प्रोटॉन मॅग्नेटोमीटर नावाचं यंत्र शेतात फिरवलं आणि त्यानं दाखवलेल्या जागी खणल्यावर रोमन भट्टी निघाली. या पद्धतीची सुरुवात अशी थेट कुंभाराच्या दारातच झाली. नकाशावर भट्टी दोन-तीन मीटरचा ठळक ठिपका दिसते, आणि त्याच्या उत्तरेला उलट, म्हणजे ऋण मापाची सावली. गंजका नाल किंवा खिळाही ठिपका देतो, पण तो टाचणीसारखा बारीक असतो.

कायद्याचं थोडक्यात: इंग्लंडात संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवान्याशिवाय खोदणं सोडाच, असं यंत्र फिरवणंसुद्धा गुन्हा आहे. आपल्याकडेही संरक्षित जागेवरचं खापर खिशात घालू नका. इतरत्र काही मिळालं तर नेमकी जागा टिपा आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याला कळवा. जागेशिवाय खापराची किंमत शून्य.

पायरी ५: खड्ड्यात उतरल्यावर

पहिल्या दिवशी तुम्हाला भट्टी कुणी देणार नाही, राखेचा खड्डा देतील. तो मिळाला तर खूश व्हा. सगळ्यात जास्त माहिती तिथेच असते. कुंभार दर वेळी भट्टीच्या तोंडातून राख आणि निखारे ओढून मागे टाकत असे. त्यामुळे त्या खड्ड्यात काळ्या आणि तांबड्या थरांचा पाटवड्यांसारखा साठा तयार होतो. एक काळा थर म्हणजे एक भाजणं असं लगेच मोजू नका; वारा, पाऊस आणि फावडं थर मिसळून टाकतात.

भट्टीचा खड्डा एकदम रिकामा करत नाहीत. अर्धा खणतात, उभा छेद स्वच्छ करतात, फोटो आणि आराखडा होतो, मगच उरलेला अर्धा. प्रत्येक थराची पिशवी वेगळी आणि तिच्यावर थराचा आकडा. हे कंटाळवाणं वाटतं. पण शेवटच्या भाजणाचा माल आणि भट्टी बंद पडल्यावर तिच्यात शेजाऱ्यांनी टाकलेला कचरा यांत फरक करायला दुसरा मार्ग नाही. भट्टीत सापडलेलं प्रत्येक मडकं त्या भट्टीत भाजलेलं नसतं. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

मग वेस्टर कसा ठरवायचा? तुकडे एकमेकांना वितळून चिकटलेले असतील, काठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखा (8) वाकडा झाला असेल, माती फुगून पावासारखी जाळीदार झाली असेल, तर शंका नाही. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे तुटलेल्या कडेवर भाजल्याचा रंग. म्हणजे भांडं भट्टीतच फुटलं आणि फुटल्यावरही भाजत राहिलं. नुसता थोडासा वाकडेपणा मात्र पुरावा धरू नका. किंचित वाकडं मडकं स्वस्तात विकलं जातं, तेव्हाही जात असणार.

धुण्याबद्दल एक कबुली. पहिल्या वर्षी मला खापरं धुवायला बसवलं. एका हंडीच्या आतल्या अंगाला काळा जाड थर होता. आईनं तळ लागलेलं पातेलं घासायला शिकवलंय तसा मी तो टूथब्रशनं घासून लखलखीत केला. आमच्या प्रमुख बाई आल्या, बघितलं आणि दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. तो करपलेल्या अन्नाचा थर होता. त्यावरून काय शिजत होतं ते कळलं असतं, कार्बन-१४ नं, म्हणजे त्यात उरलेला किरणोत्सर्गी कार्बन मोजून, काळही काढता आला असता. तेव्हापासून नियम: आत काळं दिसलं की ब्रश खाली, आधी विचारा. राहिलेल्या खापरांना साधं पाणी, मऊ ब्रश, आणि कडा जपून.

पायरी ६: मोजदाद

खापरं नुसती मोजली तर ठिसूळ मडकी जास्त भरतात, कारण त्यांचे तुकडे जास्त होतात. नुसती वजन केली तर जाड मडकी जास्त भरतात. म्हणून दोन्ही करतात, आणि तिसरं काठाचं माप घेतात. एककेंद्री वर्तुळं काढलेल्या कागदावर काठाचं खापर उपडं धरायचं, कुठल्या वर्तुळावर बसतं ते बघायचं. समजा १६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसलं. त्याचा परीघ सुमारे ५० सेंटिमीटर. खापराचा काठ ५ सेंटिमीटर असेल तर तुमच्या हातात दहा टक्के मडकं आहे. अशा टक्क्यांची बेरीज शंभरावर गेली की एक मडकं धरा. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की तिनं घरातल्या फुटलेल्या बशांवर प्रयोग केला.

पायरी ७: तारीख, आणि एक सक्त ताकीद

वर सांगितलेली चुंबकीय दिशा तारीख काढायलाही वापरतात. पृथ्वीच्या चुंबकीय उत्तरेची दिशा शतकागणिक सरकत राहते. भट्टीच्या तळाच्या मातीत शेवटच्या भाजणाच्या वेळची दिशा कायम झालेली असते. ती मोजून ब्रिटनसाठी तयार केलेल्या आलेखाशी ताडतात. अट एकच, ती माती तेव्हापासून हललेली नसावी. म्हणून भाजलेला टणक तळ किंवा भिंत लागली की थापी खाली ठेवा आणि हाक मारा. तुम्ही नीट दिसावं म्हणून ढेकूळ उचलून बाजूला ठेवलंत, तर तुमच्या हातून तारीख गेली. कोसळलेली भिंतही याच कारणानं निरुपयोगी.

कोळशावरून कार्बन-१४ नं काळ निघतो, पण बारीक फांदी निवडा. जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड असेल तर तारीख उगाच शे-दोनशे वर्षं मागे जाते.

कधी लिखित इतिहास मदतीला येतो. लिंकनशरमधल्या टॉर्कसीला व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्यानं ८७२-७३ चा हिवाळा काढला, हे अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. त्याच गावात, त्याच सुमारापासून, वेगाच्या चाकावरची भांडी आणि भट्ट्या सुरू होतात. त्याच्या तीन वर्षं आधीच्या हिवाळ्यात सैन्य थेटफर्डला होतं. स्टॅमफर्डच्या किल्ल्याच्या जागी मिळालेली भट्टीसुद्धा नवव्या शतकाच्या अखेरची, आणि तिच्यातल्या मालावर तांबड्या रंगाचे पट्टे आहेत, जे समुद्रापलीकडच्या कुंभारांच्या सवयीशी जुळतात. सैन्यामागून कुंभार आले, असं मला वाटतं. लढवय्यांनी स्वतः चाक फिरवलं असेल यावर माझा विश्वास नाही. हा हात दहा वर्षांनी बसतो.

पुढच्या शनिवारी

गवंड्याची छोटी टोकदार थापी, गुडघ्याखाली घ्यायला जाड चटई, पेन्सिल, कारण पावसात पेनची शाई उतरते, आणि थर्मास. खुरपं आणू नका, ते माती उचकटतं. इथे ती खरवडायची असते. खणायला जागा मिळेपर्यंत सफोकमधलं वेस्ट स्टो हे पुन्हा उभं केलेलं गाव बघून या, आणि नॉर्विचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात स्पाँग हिलच्या अस्थिकुंभाचं झाकण बघा: खुर्चीवर बसून दोन्ही हातांत डोकं धरलेला मातीचा माणूस. पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. काळ पार वेगळा, दोन-अडीच हजार वर्षं आधीचा, पण इनामगावच्या उत्खननातही कुंभाराची भट्टी निघाली होती, आणि खापराची कड वाचायचे नियम तिथेही हेच.

थेटफर्डच्या मोठ्या रांजणांवर मातीच्या पट्ट्या चिकटवून त्या अंगठ्यानं दाबलेल्या असतात. संधी मिळाली तर त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघा, सगळेच ठेवतात. आणि खळगा लहान वाटला म्हणून 'हे बाईचं किंवा मुलाचं काम' असं लगेच लिहून टाकू नका. माती वाळताना आणि भाजताना साधारण दहाव्या हिश्शानं आकसते. आधी तेवढं माप वाढवून घ्या, मग नोंद करा.